मशीन शे, डॉक्टर नही शे

मे महिन्यात घरी जळगावला गेलो होतो. मावशीच्या पोटात दुखत होतं म्हणून तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीचं मशीन होतं, चालूही होतं. वॉर्डबॉय म्हणाला, "मशीन शे, डॉक्टर नही शे." मग काय, चव्वेचाळीसच्या उन्हात गाडी काढली.

वाटेत डोक्यात आमचं आयटीवालं उत्तर आलंच: रिमोट करून टाका! एक्स-रे आणि सीटीचं ते कधीच झालंय. १९९३ साली डायकॉम हे स्टँडर्ड आलं. आता टेक्निशियन इथे फोटो काढतो आणि रेडिओलॉजिस्ट पुण्यात बसून रिपोर्ट देऊ शकतो. पण सोनोग्राफीचं तसं नाही राव. प्रोब कुठे दाबायचा, कुठे वळवायचा हे हात आणि डोळे त्याच क्षणी ठरवतात. नंतर पाठवायला उरतात ती चार थिजलेली चित्रं.

आणि नेमका हाच माणूस कायद्याने बांधलेला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा आला १९९४ मध्ये. जून २०१२ मध्ये नियम आला की सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरने एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर काम करायचं. त्याआधी वार वाटून गावोगाव फिरणारे डॉक्टर असायचे, ते थांबलं. २०१४ मध्ये एमबीबीएसवाल्यांसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम निघाले, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. असो.

कायदा चुकीचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे साडेआठशेही मुली नव्हत्या. आपल्याच लोकांनी त्या मशीनचं काय केलं ते उघड आहे. पण त्याची किंमत चोपडा, शिरपूरसारख्या गावांत पोटदुखीचा पेशंटही मोजतो. दोन केंद्रांचीच मुभा असेल तर डॉक्टर ती शहरात निवडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

धुळ्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावातही २०१८ पासून आहे. पण शिकून झाल्यावर तालुक्याला कोण थांबतो? मी तरी कुठे थांबलो, हिंजवडीत बसून हे टाइप करतोय :)

मावशीला पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन जळगावातच झालं.