जाती, व्यक्ती आणि कॅमेरा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने मला फोन केला. म्हणाला, "आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंस, आता फुलापाखरांच्या फोटोंवर काय बोलणार?" त्याला म्हटलं, ये आणि ऐक. तो आज समोर बसलाय, त्यामुळे जरा जपून बोलतो.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी सिंहगडाच्या बाजूला फिरायला जाणाऱ्या एका गटात मी जाऊ लागलो. पावसाळ्याच्या शेवटी एक पिवळं फूल दिसलं. मी गुडघ्यावर बसून, मागचं सगळं धूसर करून, मोठ्या हौसेने फोटो काढला आणि गटातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "सर, फोटो सुंदर आहे. पण पान कुठाय?" पान धूसर झालं होतं. अशी पिवळी फुलं सह्याद्रीत कितीतरी. पानाशिवाय ओळखायचं कसं? माझ्याकडे एका विशिष्ट फुलाचा फोटो होता, पण ते फूल कशाचं, हे त्यातून कळत नव्हतं.

घरी येताना मनात आलं, हा तर आपल्याकडचा फार जुना वाद. 'गाय' हा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ कोणता? समोर उभी असलेली ही एक गाय, की सगळ्या गायींत असणारं गायपण? पतंजलीच्या महाभाष्यात हे दोन्ही पक्ष आलेत. वाजप्यायन आकृतीच्या बाजूचा, व्याडी द्रव्याच्या, म्हणजे समोरच्या एका वस्तूच्या बाजूचा. न्यायसूत्रांनी पुढे व्यक्ती, आकृती आणि जाती ही तिन्ही पदाचा अर्थ मानली. आकृती म्हणजे अवयवांची अशी ठेवण, की जिच्यावरून जाती ओळखता येते. माझ्या फोटोत व्यक्ती होती, आकृती अर्धी होती, म्हणून जातीपर्यंत पोचता आलं नाही. निसर्गाची नोंद ठेवण्याचा इतिहास या तीन शब्दांतून पाहिला तर बऱ्याच गोष्टी उलगडतात, असं मला वाटतं.

आधी चित्रांकडे पाहू. सतराव्या शतकात कोचीनला डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलाबारिकस' हा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत. आपल्याला जवळची गोष्ट अशी, की पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रशस्तिपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलंय. इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचंही आहे. झाडं ओळखणारे ते, त्यांचे गुण सांगणारे ते. पुढे लिनियसने 1753 साली वनस्पतींना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा मलबारच्या अनेक झाडांसाठी त्याच्यापुढे ही चित्रंच होती.

आता वनस्पतीच्या चित्रात काय असतं? एकाच फांदीवर कळी, फूल, फळ. शेजारी बी कापून दाखवलेलं. एखादं झाड प्रत्यक्षात एका दिवशी असं दिसेलच असं नाही. चित्रकार अनेक फांद्या पाहतो, किडकं पान वगळतो आणि 'असं हे झाड असतं' हे दाखवतो. म्हणजे तो जातीचं चित्र काढतो.

मग प्रकाशाने चित्र काढायची सोय झाली. 1842 साली जॉन हर्शेल याने सायनोटाइपची पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या इंग्लिश बाईंनी समुद्री शैवालं थेट रसायन लावलेल्या कागदावर ठेवून, उन्हात धरून, निळ्या कागदावर त्यांची पांढरी छायाचित्रं उमटवली आणि त्यांचं पुस्तक सुरू केलं. छायाचित्रं असलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. इथे कॅमेराही नाही, पण एक मोठा बदल झाला. त्या कागदावर 'असं शैवाल असतं' नव्हतं. 'हे एक शैवाल इथे ठेवलं होतं' असं होतं. चित्र वर्णन करतं, छायाचित्र साक्ष देतं.

या साक्षीचं मोल आपल्या देशात वाघाने दाखवलं. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे संयुक्त प्रांतातले, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडातले, वनाधिकारी. बाकीचे साहेब बंदूक घेऊन जात, तेव्हा हे कॅमेरा घेऊन जात. वाघाच्या वाटेवर तार लावायची, तारेला पाय लागला की झगझगीत प्रकाश पडून फोटो निघायचा. वाघाने स्वतःच काढलेला स्वतःचा फोटो म्हणा ना! 1927 साली त्यांचं पुस्तक आलं. फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात. शिकाऱ्यासाठी वाघ म्हणजे 'एक वाघ', भिंतीवरचं कातडं. कॅमेऱ्याने दाखवलं की तो 'हा' वाघ आहे, दुसरा नव्हे.

पण हे शहाणपण आपण मोजणीसाठी कित्येक दशकं वापरलं नाही. 1973 साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. गणना व्हायची ती पंज्याच्या ठशांवरून. वनरक्षक ठशावर काच ठेवून त्याची रेघ काढून घ्यायचे आणि त्यावरून वाघ ओळखला असं मानलं जायचं. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा, वाळूत वेगळा. आणि काढणाऱ्याचा हात वेगळा. बिचाऱ्या वनरक्षकांच्या कष्टात खोट नव्हती, साधनात होती. राजस्थानच्या सरिस्कात कागदावर डझनाहून जास्त वाघ होते. 2005 साली उघड झालं, की जंगलात एकही उरलेला नाही. चोरट्या शिकारीने संपवले होते. जरा थांबून विचार करा. 'वाघ' ही जाती फायलीत सुखरूप होती, आणि व्यक्ती एकेक करून मारल्या जात होत्या.

इकडे उल्हास कारंथ यांनी 1990 च्या दशकात नागरहोळेत चॅम्पियनचीच कल्पना संख्याशास्त्राला जोडली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे, कारण वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात. कोणता वाघ पुन्हा दिसला, कोणता नवा, यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधायचा. सरिस्कानंतर ही रीत देशभर आली. 2001-02 चा जुना आकडा 3642 होता. 2006 च्या गणनेचा आला 1411. मोजायची रीतच बदलली, त्यामुळे दोन आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. पण आपण किती काळ स्वतःची समजूत काढत होतो, एवढं त्यातून नक्की कळतं. 2022 चा अंदाज 3682 आहे.

आता तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनकडे येऊ. पूर्वी रीळ छत्तीस फोटोंचं, प्रत्येक वेळी बटण दाबताना खर्च आठवायचा. आज ती अडचण नाही. म्हणून फिरायला गेल्यावर एका झाडाचे चार फोटो काढा: पूर्ण झाड, पान वरून आणि खालून, फूल किंवा फळ, आणि खोड. तारीख आणि जागा लिहून ठेवा. सुंदर नसलेला फोटोही चालेल. पन्नास वर्षांनी कुणी विचारेल, या टेकडीवर हे झाड होतं का? तुमचा फोटो साक्ष देईल.

पण साक्ष जपूनही द्यावी लागते. घरट्याजवळ गेलो, फांद्या बाजूला केल्या, की कावळ्याला वाट दाखवली म्हणून समजा. सह्याद्रीत खर्चुडीच्या काही जाती फार थोड्या जागी उरल्यात. त्यांचा नेमका पत्ता सगळ्यांना कळवला, की पुढच्या रविवारी तिथे शंभर पावलं पोचतात. जे व्यक्ती म्हणून दिसलं, त्याची व्यक्ती म्हणून काळजी घ्यायची. जातीवर प्रेम करणं सोपं असतं, ते माणसांच्या बाबतीतही आपण पाहतोच.

पुढच्या पावसाळ्यात मी परत तिथे गेलो. या वेळी पानासकट फोटो काढला. बाईंनी एका क्षणात सांगितलं, "सोनकी." इतकं ओळखीचं फूल! पाहिलं अनेकदा होतं, निरखलं पहिल्यांदाच.

वेळ संपली. माझ्या मित्राला आता शंका विचारता येतील.