नावाचा हक्क

वाळवंटी नदीच्या एका तीरावर साखळी आणि दुसऱ्या तीरावर कारापूर. याच कारापुरात विठ्ठलापूर असून तेथील विठ्ठलाचे देवालय राणे घराण्याच्या नावाशी निगडित आहे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. चैत्रात तेथे उत्सव होतो. मागे एका चैत्री उत्सवास आम्ही गेलो असता जत्रेतील चहाच्या गाड्यापाशी एका तरुणाची गाठ पडली. त्याने आपल्या भ्रमणध्वनीवर एक लहानसा चित्रपट तयार केला होता. पहाटेचे देऊळ, पालखीची तयारी, आणि या सर्वांवर पसरलेला त्याच्या आईचा गाण्याचा आवाज. अवघी अकरा मिनिटे. पण आम्ही चहा विसरलो.

शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनाही ते चित्र आवडले. त्यांनी कौतुकाने विचारले, "तूं कोणाचो रे?" प्रश्नात आपुलकीच होती, गोमंतकात अनोळखी पोराला हाच प्रश्न पहिल्याने विचारतात. मुलाने आपल्या गावाचे नाव सांगितले. घराचे सांगितले नाही. त्याची आई, आजी, पणजी देवळाच्या सेवेकरी घरातल्या, हे आम्हांस मागाहून कळले. त्या क्षणभराच्या मौनामागे केवढा इतिहास उभा आहे, तो आज वाचकांपुढे ठेवावा असे मनात आले.

डिचोली व सत्तरी हे महाल 1780 च्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे 1788 साली पोर्तुगीज अमलाखाली आले. तोपर्यंत धर्मच्छळाची पहिली लाट ओसरली होती. तिसवाडी, बार्देश, साष्टी येथील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली, तशी या नव्या काबिजादीतली पाडली गेली नाहीत. देव राहिले, म्हणून उत्सव राहिले; उत्सव राहिले, म्हणून गाणे, नाचणे, मृदंग व सनई ही राहिली. पण ही कला राखली कोणी? कलावंत, भाविण, देवळी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या घरांनी राखली. पालखीपुढे गाणाऱ्या स्त्रिया त्यांच्या, साथ करणारे पुरुषही त्यांचे. देवस्थानाने त्यांना सेवेबद्दल जमिनीचा तुकडा दिला, नेमणूक दिली, प्रसादाचा वाटा दिला. गळा तयार होईल अशी जागा आणि पोट भरेल एवढी भाकरी त्यांना मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु आम्ही पडलो वकील. कागद पाहिल्यावाचून आमचे समाधान होत नाही. गोव्यातील देवस्थानांचा कारभार 1933 च्या महाजनीच्या नियमावलीनुसार चालतो, आणि ती आजही लागू आहे. देवस्थानाच्या कारभारात मत कोणाला, तर ज्याचे नाव महाजनांच्या सूचीत नोंदले आहे त्याला. सेवेकऱ्याचा उल्लेख कागदोपत्री येतो तो त्याने कोणत्या दिवशी काय करावे हे सांगण्यापुरता. एक यादी हक्काची, दुसरी कर्तव्याची. जिच्या गाण्यावाचून पालखी हलत नसे, तिचे नाव पहिल्या यादीत नव्हते. आमच्या स्वतःच्या घराण्याचे नाव त्या पहिल्या यादीत आहे. तेव्हा पुढे जे लिहीत आहो ते दुसऱ्यांस दोष देण्यासाठी नव्हे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

या घरांतल्या गुणी मुलामुलींना पुढे आणले कोणी, हे पाहू लागलो म्हणजे मौज वाटते. पेडणे महालातील मालपे गावची अंजनीबाई (जन्म 1883) मुंबईस गेली आणि भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद नझीर खाँ यांनी तिला हाताशी धरले. मुरादाबादकडून आलेल्या मुसलमान उस्तादाने गोमंतकातील देवळाच्या परंपरेतल्या मुलीला आपली विद्या दिली. पुढे याच अंजनीबाई मालपेकरांनी कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांना शिकविले आणि 1958 साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपली फेलोशिप दिली. शिकलेल्याने शिकवावे, हा क्रम येथे तुटला नाही.

मंगेशीचे दीनानाथ (जन्म 1900) यांची आई येसूबाई ही त्याच परंपरेतली. मुलाचा गळा ओळखून बाबा माशेलकरांनी त्यास पाठ दिले. पुढे तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि 1918 साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्याने बळवंत संगीत मंडळी उभारली. नाटक मंडळी म्हणजे त्या काळची शाळाच होती. तेथे पोराला जेवण मिळे, तालीम मिळे, आणि जाहिरातीत आपले नाव छापलेले पाहावयास मिळे. देवळाने जे दिले नाही ते तिसरे दान रंगभूमीने दिले. दीनानाथांनी आपल्या नावाला आपल्या देवाचे नाव जोडले; 'मंगेशकर' या आडनावाने सूचीची वाट पाहिली नाही.

बोलपटांचे युग आले तेव्हा बळवंत मंडळींनीही चित्रपटात उडी घेतली. 'कृष्णार्जुन युद्ध' 1934 साली निघाला. धंदा मात्र बसला आणि 1942 च्या एप्रिलात दीनानाथ निवर्तले. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता तेव्हा अवघी बारा वर्षांची. येथून पुढे जे घडले तो आमच्या विषयाचा गाभा होय.

मास्टर विनायक हे मंगेशकर कुटुंबाचे स्नेही. त्यांनी 1942 साली 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात लताला काम आणि गाणे मिळवून दिले, 1943 पासून आपल्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये तिला ठेवून घेतले, आणि 1945 मध्ये संस्था कोल्हापुराहून मुंबईस हलली तेव्हा तीही मुंबईस आली. मुंबईत तिने उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे धडे घेतले. हे अमान अली त्याच नझीर खाँचे पुतणे, ज्यांनी पेडण्याच्या अंजनीला शिकविले होते. एकाच घराण्याने दोन पिढ्यांत गोमंतकाच्या दोन लेकींस हात दिला. विनायक 1947 च्या ऑगस्टात वारले. आता भाकरी देणारा गेला, आणि नाव करून देणारा तर अजून भेटलाच नव्हता.

तो भेटला गुलाम हैदर यांच्या रूपाने. 'शहीद' चित्रपटासाठी त्यांनी हा आवाज पुढे केला असता निर्माते शशधर मुखर्जी यांनी तो फार पातळ म्हणून नाकारला. सामान्य शिफारस करणारा मनुष्य येथे थांबतो. आपण सांगून पाहिले, आता तिचे नशीब, असे म्हणून मोकळा होतो. गुलाम हैदर थांबले नाहीत. 1948 च्या 'मजबूर'मध्ये त्यांनी तिलाच गावयास लावले. स्वतःची प्रतिष्ठा त्यांनी एका नवख्या मुलीमागे जामीन म्हणून ठेवली. न्यायालयात जामीन राहणे म्हणजे काय हे आम्ही रोज पाहतो. तोंडाने सज्जनपणाची ग्वाही देणारे पुष्कळ असतात, मुचलक्यावर सही करताना मात्र एखादाच पुढे येतो. शिफारस आणि पाठराखण यांत अंतर आहे ते हेच.

तरीही नाव सुटे राहिलेच. 1949 साली 'महल' आला. त्यातील गाणे घरोघरी गेले. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव होते 'कामिनी', म्हणजे पडद्यावरील पात्राचे! आकाशवाणीकडे श्रोत्यांनी विचारणा केली, तेव्हा कोठे खरे नाव पुढे आले. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनास स्थान नव्हते. त्यासाठी लताबाईंनी आग्रह धरला आणि 1959 पासून ते मिळू लागले. गीताच्या उत्पन्नातील वाट्यासाठीही त्या भांडल्या. पालखीपुढे गाणाऱ्या स्त्रीची जी कथा, तीच ध्वनिमुद्रिकेत गाणारीची: आवाज सर्वांना हवा, यादीत नाव मात्र नको.

केवळ एकाच समाजाची ही कहाणी आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद कित्येक वर्षे गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी तोलून धरला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलाल यांनी 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले, म्हणून ते सर्वतोमुखी झाले. एरवी श्रेयनामावलीत ज्यांची नावे कधी आली नाहीत असे वादक गावोगाव होऊन गेले. शिष्याने गुरूचे नाव लावावे लागले, यातच सर्व आले.

इकडे गोमंतकात 1920 च्या दशकाच्या अखेरीस याच सेवेकरी घरांतील पुढारी एकत्र आले आणि त्यांनी 'गोमंतक मराठा समाज' हे नाव स्वतः धारण केले. दुसऱ्यांनी दिलेली नावे टाकून आपले नाव आपण घेणे, याहून मोठी सुधारणा ती कोणती? त्या चळवळीतील राजाराम रंगोजी पैंगीणकर यांच्या आत्मचरित्राचे नावच 'मी कोण?' असे आहे. ते 1969 साली प्रसिद्ध झाले. चहाच्या गाड्यावरील त्या प्रश्नाला हा दुसऱ्या बाजूने आलेला प्रश्नच नव्हे काय? मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर हे पेडण्याचे आणि याच समाजातले. त्यांच्याच कारकिर्दीत 1970 साली कला अकादमी स्थापन झाली, आणि कोणाच्याही मुलाला शुल्क भरून गाणे व नाट्य शिकण्याची सोय झाली. 1972 मध्ये मुंबईस दूरदर्शन आले. 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागला. लक्ष्मीकांत शेटगावकरांच्या 'पलतडचो मुनीस' या कोंकणी चित्रपटास 2009 साली टोरांटो येथे समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. दारे उघडली आहेत खरी. पण उघड्या दारातून कारापूरचा मुलगा एकटा आत शिरेल, ही अपेक्षा भाबडी होय.

कारण तो मुलगा काही दिवसांनी आमच्याकडे एक करारपत्र घेऊन आला. मुंबईच्या एका संस्थेला त्याचे चित्र आवडले होते, आणि त्याच विषयावर मोठे चित्र करण्याचे तिने त्यास सुचविले होते. आठ पाने होती. सर्व हक्क संस्थेकडे जात होते. त्याच्या नावाचा उल्लेख फक्त सहीच्या जागी होता आणि आईचा कोठेच नव्हता.

येथे कायदा थोडा समजून घेतला पाहिजे. 1957 चा स्वामित्व हक्क कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला ओळखतो, दिग्दर्शकाला नव्हे. मुलाने स्वतः केलेल्या अकरा मिनिटांचा कर्ता तोच. संस्थेने पैसे घालून केलेल्या चित्राची कर्ती संस्था. कलावंतांचे हक्क 1994 मध्ये प्रथम मान्य झाले व 2012 च्या दुरुस्तीने वाढले. पण त्याच दुरुस्तीत असेही म्हटले आहे की चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला, आपले नाव लागावे वा आपल्या कामाची विटंबना होऊ नये अशा नैतिक स्वरूपाच्या हक्काचा काही भाग वगळता, कलावंतच धरू नये. वाचकहो, यादीत नाव नसेल तर कलावंतपणच बहुतांशी उरत नाही! महाजनांची सूची आणि चित्रपटाची श्रेयनामावली यांत आम्हांस त्या दिवशी फारसा भेद दिसला नाही.

आम्ही करारात दोन कलमे वाढविली. एक, दिग्दर्शक म्हणून मुलाचे नाव पडद्यावर स्वतंत्र येईल. दुसरे, गायिका म्हणून त्याच्या आईचे संपूर्ण नाव येईल आणि गायनाचा मोबदला तिला वेगळा मिळेल. दुसरे कलम वाचून मुलगा म्हणाला, "आवय कितें म्हणटली काय?" आईला विचारल्यावाचून तिचे नाव लावावे की नाही, अशी त्याला शंका. आम्ही म्हटले, तिला विचार. पण कलम राहू दे. दुसऱ्या दिवशी तो परत आला. आईने आपले नाव स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहून पाठविले होते, आडनावासकट.

देवस्थानांच्या हाती आज काय आहे, याचा आम्ही विचार केला. आपल्या उत्सवांचे चित्रण करण्याचे काम बाहेरच्या कंत्राटदाराला देण्याऐवजी ज्या घरांनी तो उत्सव वाहिला त्या घरांतील मुलांना, योग्य मजुरी देऊन, देता येईल. सभामंडपात वर्षातून एकदा त्यांची चित्रे दाखविता येतील. समाजात वकील पुष्कळ आहेत; नवख्यांचे करार त्यांनी विनामूल्य वाचावेत. आणि उत्सवाच्या पत्रिकेत यजमानांच्या नावांखाली गाणाऱ्यांची व वाजविणाऱ्यांची नावे छापावीत. यांतील एकाही गोष्टीला सरकारी परवानगी लागत नाही. विद्या, भाकरी आणि नाव या तीन ऋणांपैकी पहिली दोन आमच्या पूर्वजांनी बऱ्यावाईट रीतीने फेडली. तिसरे आमच्या पिढीच्या वाट्यास आले आहे.

दोन्ही कलमांसह करार संस्थेकडे गेला आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे. पुढच्या चैत्रीस आम्ही पुन्हा विठ्ठलापुरास जाणार आहो. तो मुलगा भेटला, आणि कोणी त्याला "तूं कोणाचो रे?" असे विचारले, तर या खेपेस त्याने आपल्या आईचे नाव सांगावे, आणि ऐकणाऱ्याने ते आदराने ऐकावे, एवढेच आम्ही पांडुरंगापाशी मागतो.