तगर ते भडोच

तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे आजचे तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ या मोठ्या नगराला पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवर ठेवतो. इथले जाडेभरडे कापड, मलमल गाड्यांतून बिकट वाटांनी गुजरातमधल्या भडोच बंदरात जाई. पैठणपासून भडोच आणखी २० दिवस. कल्याण बंदर जवळचे, पण तिथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तोच ग्रंथ सांगतो. एवढ्या लांबच्या वाटेचे हे एक कारण असावे. तगरच्या या दूरच्या व्यापाराची एक खूणही दिसते: इटलीतल्या पाँपेई या प्राचीन नगरात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती तेरला मिळाली आहे.