मुंबईच्या घरांतील वारा

मुंबई शहर समुद्रानें वेढलेलें आहे; परंतु समुद्रावरचा वारा शहराच्या पोटांतील घरांपर्यंत पोंचावा, हा विचार जोरानें पुढें येण्यास एक भयंकर साथ यावी लागली.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत एक प्राणघातक ताप पसरूं लागला. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असें निदान मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं केलें. त्या काळीं शहरांतील चाळी एकमेकींस खेटून उभ्या असत. अंधाऱ्या बोळाच्या दोन्ही बाजूंस खोल्या आणि मागें अरुंद, सांडपाण्यानें भरलेली घरगल्ली. कोंदट हवा हेंच रोगाचें मूळ, अशी समजूत असल्यामुळें अधिकाऱ्यांनीं कित्येक घरांचीं कौलें काढवून आंत ऊन शिरविलें.

१८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पश्चिमेचा वारा दाट वस्तींत शिरावा म्हणून ट्रस्टनें घरें पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, काढला. पण रस्त्यावरचा वारा खोलींत यावा कसा? ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं १९१२ सालीं याच विषयावर व्याख्यान दिलें. ट्रस्टचें सूत्र साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचें होतें. साध्या भाषेंत, समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल तर मधें वीस फूट मोकळी जागा हवी.

दैवाची थट्टा अशी कीं, त्याच १८९८ सालीं कराचींत पॉल-लुई सिमाँ यांनीं प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो हें दाखविलें. म्हणजे निदान चुकलें होतें. उपाय मात्र वाया गेला नाहीं. क्षयाचे जंतु कोंदलेल्या खोलींतच टिकून राहतात. शिवाय वाऱ्यास आंत येण्यास एक आणि बाहेर जाण्यास दुसरें दार मिळालें, तर उकाडा विजेवांचूनहि सुसह्य होतो.

तथापि या वाऱ्याची किंमत गरिबांनीं मोजली. आरंभीच्या वर्षांत घरें पाडलीं गेलीं लवकर, नवीं उभीं राहिलीं सावकाश. निघालेलीं कुटुंबें शेजारच्या चाळींत दाटीनें शिरलीं. १९३३ मध्यें ट्रस्ट नगरपालिकेंत विलीन झाला.

एकविसाव्या शतकांत गोवंडीस झोपडपट्टीवासीयांसाठीं सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांपैकीं कित्येकींच्या मधलें अंतर अवघें तीन मीटर. उंची एकवीस मीटर धरली, तर जुन्या सूत्रानें तें साडेदहा मीटर हवें होतें. तेथील खालच्या मजल्यांवर क्षय अधिक आढळल्याचें २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें दाखविलें. श्रीमंतांस वातानुकूलनयंत्र विकत घेतां येतें. गरिबांच्या खोलीस मात्र वारा हवा असेल, तर तो नकाशावर रेघ ओढतांनाच द्यावा लागतो.