पुस्तकं काढून घेतली तेव्हा

आज ऐकूया स्पेनच्या आविला शहरातल्या तेरेसाबाईंविषयी. या कोलकात्याच्या मदर तेरेसा नव्हेत. त्यांच्याही जवळजवळ चारशे वर्षं आधीच्या, १५१५ साली जन्मलेल्या.

कॅथलिक मठांत धर्मग्रंथ वाचायची एक जुनी रीत आहे. बाराव्या शतकात गीगो नावाच्या मठप्रमुखाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. समजावताना त्याने जेवणाचाच दाखला दिला. वाचणं म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं. प्रार्थनेत चव कळते आणि ध्यानात गोडी मिळते.

पण घास घ्यायला ताट समोर हवं ना! बायबल लॅटिनमध्ये, आणि लॅटिन शिकायची संधी फार थोड्या बायकांना. त्यात १५५९ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी काढली. स्पॅनिश बायबल आणि लोकभाषेतली प्रार्थनेची कितीतरी पुस्तकं त्यात गेली. याचं फार वाईट वाटलं, असं तेरेसाबाईंनी आत्मचरित्रात लिहिलं आहे.

१५६२ साली त्यांनी आविलात लहानसा मठ काढला. प्रार्थना कशी करावी ते लिहून द्या, असा तिथल्या बहिणींनी आग्रह धरला. तेरेसाबाईंनी मग कुणालाही जप्त करता येणार नाही अशी गोष्ट निवडली: सगळ्यांना पाठ असलेली येशूची ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना. घाई करू नका, एकेका शब्दावर थांबा, आपण कुणाशी बोलतोय ते मनात आणा, असं त्यांनी शिकवलं.

त्याच पुस्तकात एक म्हातारी नन येते. मला ध्यान जमतच नाही, नुसती तोंडाने प्रार्थना म्हणता येते, असं ती रडकुंडीला येऊन सांगते. तेरेसाबाई विचारपूस करतात, तर कळतं की ती म्हणता म्हणताच ध्यानाच्या पायरीवर पोचलेली आहे! मला तिचा हेवा वाटला, असं तेरेसाबाई लिहितात.

जगातले न्यायाधीश सगळे पुरुष, म्हणून बाईच्या चांगुलपणावरही संशय घेतला जातो, असंही त्यांनी लिहिलं होतं. तपासणाऱ्याने तो मजकूर खोडला. पण ते हस्तलिखित टिकलं आणि खोडलेलं आज वाचता येतं. १९७० साली पोपनी तेरेसाबाईंना ‘चर्चच्या आचार्य’ ही पदवी दिली. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

मैत्रिणींनो, आपल्या गटातही ‘मला वाचता येत नाही’ म्हणून मागे बसणारी कुणी असेल. तिला काय काय पाठ आहे, ते या बैठकीत जरूर विचारा.