पट्टी, पत्ते आणि तीन बोटं

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही कामशेतला आत्याकडे जायचो. माझ्या आतेभावाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो शहरातल्या निवासी शाळेत शिकायचा. एका सुट्टीत त्याच्या बोटांवर पट्टीचे वळ होते. गुन्हा काय, तर वर्गात हातांनी बोलला.

मला वाटायचं, मास्तर दुष्ट असणार. ती पट्टी फार लांबून आली होती हे पुष्कळ वर्षांनी कळलं. १८८० साली इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षणाची परिषद भरली आणि ठरलं की मुलांना ओठ वाचून तोंडाने बोलायलाच शिकवायचं, खुणा नकोत. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे! पाचेक वर्षांत माझगावला बिशप मेउरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली, मग इतरत्र निघाल्या, आणि बहुतेक ठिकाणी मिलानचंच वारं राहिलं. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, तेही व्हँकुव्हरला. दादा तोवर पन्नाशीला आला होता.

मग खुणा टिकल्या कशा? दादा सांगतो, वसतिगृहात. जेवणानंतर पत्ते निघायचे. मोठ्या मुलाने खूण करायची, धाकट्याने ती ओळखून पत्ता टाकायचा. चुकला की टपली. ना पुस्तक, ना मास्तर. १९७० च्या दशकात वसिष्ठ, वुडवर्ड आणि विल्सन यांनी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळूरच्या खुणा ताडून पाहिल्या, तर सुमारे ७५ टक्के खुणा एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या.

हे सगळं आठवलं ते एका यंत्रमानवामुळे. इस्तंबूल तांत्रिक विद्यापीठात हातिजे कोसे आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास 'नाओ' नावाच्या दोन फुटी यंत्रमानवाला तुर्की खुणा शिकवल्या. तो खूण करतो, मूल त्या चित्राचं कार्ड उचलतं. वाचून हसूच आलं. हा तर वसतिगृहातला डाव, टपली वजा करून!

अडचण बोटांची. नाओला तीनच बोटं, तीही एकदम मिटणारी. म्हणून त्यांनी पाच बोटांचा रोबोव्हीही वापरला. चेहऱ्याचं काय करणार? आपल्याकडच्या खुणांत प्रश्न भुवयांत असतो, आणि नाओच्या चेहऱ्यावर माशीसुद्धा हलत नाही. तरी मी या खेळण्याच्या बाजूने आहे. बधिर मुलं बहुतेक ऐकू येणाऱ्या घरांतच जन्मतात. आत्याला शेवटपर्यंत दहा-बारा खुणांपलीकडे काही आलं नाही. ताप आला का, जेवलास का, एवढंच. ओसरीवर असलं खेळणं असतं तर तीही खेळली असती. मास्तरांपुढे बसायची तिला लाज वाटायची.

मागच्या महिन्यात लोणावळ्याला दादाच्या चिक्कीच्या दुकानात त्याला नाओची चित्रफीत दाखवली. दोनदा पाहिली त्याने. मग करंगळी आणि अनामिका दुमडून, मान ताठ ठेवून नाओची हुबेहूब नक्कल केली. नंतर हवेत चिक्कीचा तुकडा मोडल्यासारखं केलं. ही त्यांची लोणावळ्याची खूण. तीन बोटांनी मोडून बघितली, जमेना. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

मोबाईल माझ्या हातात देऊन तो वजनाकडे वळला.