ठरलेलें मोल आणि दिलेला शब्द

ठरलेलें मोल मध्येंच वाढवावें लागणें, ही कलावंत व आश्रयदाता या दोघांच्याहि सभ्यतेची कसोटी होय. इ. स. १५०७ च्या सुमारास फ्रँकफुर्टचा धनिक व्यापारी याकोब हेलर यानें तेथील डॉमिनिकन देवळाच्या वेदीसाठीं न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररला चित्र सांगितलें. मोल १३० गुल्डन ठरलें. परंतु मूल्यवान निळा रंग आणि महिनोंमहिन्यांची मेहनत यांचा मेळ त्या रकमेंत बसेना. ड्यूररनें २०० मागितले. शब्द मोडला म्हणून हेलर संतापला.

हलका रंग फांसून तोटा भरून काढणें ड्यूररला अवघड नव्हतें. त्यानें तसें केलें नाहीं. चित्र हातीं देण्यापूर्वींच त्यानें वाढीचें कारण पत्रानें कळविलें, आणि चित्र नको असल्यास घेतलेली उचल परत करण्याची तयारी दाखविली. अखेर १५०९ मध्यें हेलरनें २०० गुल्डन दिले.

स्वच्छ राखल्यास चित्र ५०० वर्षें टिकेल, असा ड्यूररचा विश्वास होता. पण त्याच्या हातचा मधला फलक १७२९ मध्यें म्यूनिकच्या राजवाड्यांतील आगींत जळाला. त्याची नक्कल तेवढी उरली. आणि उरलीं तीं पत्रें. मोल वाढविण्याचा अधिकार कलावंताला केव्हां पोंचतो, हें तीं आजहि सांगतात: कारण उघड सांगावें, वेळेवर सांगावें, आणि नाहीं म्हणण्याची मोकळीक समोरच्याला ठेवावी.